गरम पाणी गटारात चाललंय आणि हे मागतायत तीन वर्षांची विक्री

माझ्या मशीनसाठी सरकारी अनुदानाचा अर्ज केलाय, त्यावर आज परत क्वेरी आली. चौथी. ‘उत्पादनाच्या मागील तीन वर्षांच्या विक्रीचा लेखापरीक्षित तपशील अपलोड करावा.’ मुदत सात दिवस, पीडीएफ दोन एमबीच्या आत.

अहो, कुठून आणू? तुमच्या योजनेच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय, स्वच्छ तंत्रज्ञान बाजारात आणण्यासाठी अर्थसाहाय्य. बाजारात आणण्यासाठी! जी वस्तू अजून बाजारात गेलीच नाही, ती तिथवर न्यायला मी हात पसरलाय, आणि तुम्ही तिची तीन वर्षांची विक्री मागताय. अजून बारसं व्हायचंय त्या पोराचा दहावीचा दाखला कोण आणून देणार?

फोन केला. अर्धा तास रिंग, मग एक पोरगा म्हणाला, ‘मॅडम, सिस्टीममध्ये तो रकाना मँडेटरी आहे. एनए, नॉट अ‍ॅप्लिकेबल, टाका.’ मागच्या वेळी एनएच टाकलं होतं, त्यावर ‘अपूर्ण अर्ज’ असा शेरा मारून परत पाठवला होता. हे त्याला सांगितलं तर म्हणतो, ‘ते दुसऱ्या डेस्कनं केलं असेल.’ ऑफिसचं आणि योजनेचं नाव मी लिहीत नाही, कारण अर्ज अजून त्यांच्याकडेच अडकलाय. पण आज लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

माझं काम काय ते सांगते. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. बाबांनी एका लेथवर सुरू केलं. रंगणीवाल्यांचे, म्हणजे सूत रंगवणाऱ्यांचे, पंप, व्हॉल्व्ह, बॉयलरची किरकोळ कामं. मी डिप्लोमा मेकॅनिकल करून बाबांच्याच हाताखाली उभी राहिले. लहानपणापासून एकच दृश्य बघतेय. सूत रंगवून झालं की टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडतात, आणि वाफाळतं लाल, निळं, काळं पाणी नालीत जातं. हात घालवत नाही इतकं गरम. त्याच वेळी शेजारच्या टाकीत गार पाणी भरत असतात आणि ते तापवायला बॉयलरच्या तोंडात लाकूड कोंबत असतात. दहा फुटांच्या अंतरावर एकीकडे उष्णता फेकायची आणि दुसरीकडे तीच विकत घ्यायची.

हिशेब अवघड नाही. हजार लिटर पाणी 30 अंशांवरून 60 अंशांवर न्यायचं तर 30,000 किलोकॅलरी लागतात. किलोभर सुक्या लाकडात साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. निम्मी उष्णता चिमणीतून आणि पाइपांतून जाते असं धरलं तर सतरा किलो लाकूड झालं. हे एका हजार लिटरचं. सुताच्या एका खेपेत रंग, धुणं, साबण, परत धुणं असं पाणी कितीदा बदलतात ते रंगणीवाल्याला विचारा. साबणाचं पाणी तर 80 अंशांच्या वर न्यावं लागतं.

यावर उपाय नवा नाही. जाणाऱ्या गरम पाण्यानं येणारं गार पाणी तापवायचं, हीट एक्स्चेंजर म्हणतात त्याला. बाजारात तयार मिळतो, पण आमच्याकडे टिकत नाही. सोलापुरात चादर आणि टॉवेल. सुताचे तंतू त्या पाण्यासोबत येतात आणि प्लेटांच्या फटीत बसतात. थोड्याच दिवसांत आत जाड थर होतो, पाणी पुढे सरकत नाही, मग वैतागून मालक तो काढून भंगारात घालतो. दुसरी गोष्ट मिठाची. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला भरपूर मीठ घालतात, त्यानं 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील खड्डे पडून चाळणी होतं. म्हणून मी मिठाला जास्त टिकणारा 316 चा पत्रा वापरला, फटी रुंद ठेवल्या आणि पुढे एक फिरती जाळी बसवली, जी स्वतःचा केर स्वतः झाडून टाकते. एवढंच. रॉकेट नाही. पण त्या जाळीच्या मागे माझी पाच वर्षं आणि बाबांची फिक्स्ड डिपॉझिट गेली आहेत.

पहिलं मशीन आमच्या ओळखीच्या एका रंगणीवाल्या काकांच्या शेडमध्ये लावलं. पद्मशाली माणूस, मला अम्मा म्हणतात. ‘लाव अम्मा, चाललं तर चाललं.’ आणि चाललं. अकरा महिने झाले, जाळी एकदाही हातानं साफ करावी लागली नाही. जळणाचं बिल कमी आलेलं ते स्वतः वहीत लिहून ठेवतात. मला दुसरं, तिसरं, चौथं मशीन अशाच वेगवेगळ्या शेडमध्ये लावायचंय, कारण एका ठिकाणी चाललं म्हणून कुणी विकत घेत नाही. शेजारचा म्हणतो, त्याचं पाणी वेगळं, माझं वेगळं. त्याचं चूक नाही. तो धंदा सांभाळून बसलाय, ऑर्डर कमी, सूत महाग. कुणा पोरीच्या मशीनवर त्यानं लाखो रुपये का लावावेत? ही पहिली चार-पाच मशीनं ज्याच्या जिवावर उभी राहायला हवीत, ते सरकारचं अनुदान. त्यासाठीच तर असतं ते!

आणि नेमकं तिथंच कुणी नाही.

टीआरएल नावाची एक शिडी आहे, तंत्रज्ञान किती तयार झालंय ते मोजायची. नासानं काढलेली, आता सगळीकडे वापरतात. एक म्हणजे नुसती कल्पना, नऊ म्हणजे प्रत्यक्ष कामात सिद्ध झालेली वस्तू. एका ठिकाणी गेले, तर म्हणाले, ‘तुमचं मशीन तयार झालंय की! आम्ही फक्त प्रोटोटाइपला देतो.’ दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, ‘अजून सिद्ध कुठे झालंय? दहा-बारा इन्स्टॉलेशन झाली की या.’ सहाव्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला खालचे वर ढकलतात आणि वरचे खाली. मधल्या दोन पायऱ्या कुणाच्याच नाहीत. देशात कितीतरी चांगली यंत्रं त्या दोन पायऱ्यांवर गंजून मेली असतील.

स्टार्टअप इंडिया सीड फंड बघा. 2021 साली 945 कोटींची योजना आली. प्रोटोटाइप आणि चाचणीला 20 लाखांपर्यंत अनुदान. बाजारात उतरायला 50 लाखांपर्यंत, पण ते कर्ज किंवा कर्जरोख्याच्या रूपात. म्हणजे धोका सगळ्यात मोठा होतो, तिथं अनुदान संपतं आणि कर्ज सुरू होतं. त्यात अट अशी होती की अर्ज करताना कंपनी स्थापन होऊन दोन वर्षांहून जास्त झालेली नको. बाबांचं वर्कशॉप प्रोप्रायटरी, एकट्याच्या मालकीचं, म्हणजे स्टार्टअप म्हणून मान्यताच नाही. म्हणून मी प्रायव्हेट लिमिटेड काढली, सीएची फी भरली, दरवर्षीचं ऑडिट मागे लावून घेतलं. आणि मशीन नीट चालायला लागेपर्यंत दोन वर्षं उलटून गेली. लोखंडाचं काम आहे हे, मोबाइलचं अ‍ॅप नाही! जाळीचं एक डिझाइन बदललं की पत्रा मागवा, कापा, वेल्डिंग करा, रंगणीवाल्याचा सीझन संपायची वाट बघा, मग कुठे चाचणी. दोन वर्षांत काय होतं? ही अट लिहिणारा माणूस कधी वर्कशॉपमध्ये उभा राहिलाय का?

मशीन विकत घेणाऱ्या मालकाला सबसिडी मिळेल, त्या वाटेनं जावं तर तिथंही तेच. कापड उद्योगाला यंत्रं बदलायला 1999 पासून टफ योजना होती, 2016 पासून 2022 पर्यंत तिचंच सुधारित रूप. पण सबसिडी मिळायची ती मान्य यंत्रांना, नोंदलेल्या उत्पादकांच्या. नवीन माणसाचं नाव यादीत नसायचं. 2025 मध्ये ऊर्जाबचतीसाठी 1,000 कोटींची नवी योजना आली, सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या कर्जाच्या व्याजात 5 टक्के सवलत. चांगली गोष्ट आहे, मनापासून म्हणते. पण काका बँकेत गेले तेव्हा साहेबांनी पहिला प्रश्न काय विचारला? ‘कोटेशन कुठल्या कंपनीचं? तिची तीन वर्षांची उलाढाल दाखवा.’ परत तीन वर्षं. हा तीन वर्षांचा आकडा माझ्या कपाळावर गोंदलाय जणू.

आणि सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? रीइंबर्समेंटची. आधी तुम्ही खर्च करा, बिलं लावा, जीएसटीची पावती लावा, सीएचा दाखला लावा, फोटो काढा, मग तपासणी होईल, मग समिती बसेल, मग पैसे. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे आहेत तो तुमच्या दारात येईलच कशाला? म्हणजे अनुदान त्याला, ज्याला त्याची गरज नाही. बाकीच्यांनी सोनं गहाण टाकायचं आणि समिती कधी बसते त्याची वाट बघत व्याज भरायचं. आईच्या पाटल्या गहाण आहेत. चौदा महिने झाले.

सादरीकरणाला पुण्याला बोलावलं होतं. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली, सोबत जाळीचा नमुना घेतला, पंधरा किलोचा, मांडीवर. तिथं सात मिनिटं दिली. समोरच्यांपैकी एकानं विचारलं, ‘यात एआय आहे का?’ मी म्हटलं, नाही सर, यात जाळी आहे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. सूत कसं रंगवतात, पाणी किती अंशांवर सोडतात, जळण किती लागतं, एकानंही विचारलं नाही. नमुना पिशवीतून बाहेर काढायची वेळच आली नाही. संध्याकाळच्या गाडीनं तो तसाच परत मांडीवर घेऊन आले.

बाहेर पडल्यावर एक कन्सल्टंट भेटला. अशा ऑफिसांच्या बाहेर हे असतातच. ‘मॅडम, फाईल आमच्याकडे द्या, मंजूर झालं की दहा टक्के.’ मी नाही म्हटलं. पण तो काय विकत होता? सरकारी फॉर्म भरायची अक्कल. फॉर्म इतका अवघड करून ठेवलाय की तो भरणं हाच एक धंदा झाला. एकच कागद तीन पोर्टलवर टाकायचा, उद्यम नोंदणी, डिजिटल सही, ओटीपी, आधाराला जोडलेला मोबाइल बाबांच्या नावावर म्हणून बाबा घरी आणि मी वर्कशॉपमध्ये ओटीपी ओरडून विचारतेय. माझा निम्मा दिवस यात जातो. ह्या दिवसांत मी जाळीचं पुढचं डिझाइन केलं असतं.

पैसा नाही असंही कुणी सांगू नये. 2010 साली कोळशावर टनामागे 50 रुपये सेस लावला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. वाढत वाढत 2016 साली तो 400 रुपये झाला. 2017 मध्ये जीएसटी आला, तो सेस रद्द झाला आणि तेवढाच सेस राज्यांच्या जीएसटी भरपाईसाठी लावला. त्याच वर्षी आमच्या सोलापूरजवळ फताटेवाडीला 1,320 मेगावॅटच्या कोळशाच्या वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. धूर इथला, राख इथली, आणि स्वच्छ ऊर्जेच्या नावानं सुरू झालेली वसुली दुसरीकडेच. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा मानकात बसत नाही त्यांच्या यादीत सोलापूर आहे. यादीत आपण लगेच येतो. 2025 मध्ये संशोधन आणि नवकल्पनांसाठी एक लाख कोटींचा फंड आला, टीआरएल चार आणि त्यापुढच्यांसाठी. वाचून मी खुर्चीतून उठले होते. मग पुढचं वाचलं, फंड मॅनेजरांमार्फत दीर्घ मुदतीचं कर्ज आणि भांडवल. मला पाच मशीनं बनवायला पत्रा हवाय, मोटारी हव्यात, दोन वेल्डर हवेत. मोठे फंड चालवणारा कुठला मॅनेजर अक्कलकोट रोडच्या पत्र्याच्या शेडमध्ये येणार आहे?

मला भीक नकोय. पाच मशीनं पाच शेडमध्ये लावायचा खर्च थेट आगाऊ द्या, टप्प्याटप्प्यानं द्या. वर्षभर मीटर लावून मोजा, तुमचा माणूस पाठवा, जळणाची वही बघा. नाही चाललं तर पुढचा टप्पा देऊ नका, आणि का चाललं नाही ते सगळ्यांना वाचायला मिळेल असं छापा, म्हणजे दुसरा कुणी तीच चूक करणार नाही. चाललं तर सोलापुरात, इचलकरंजीत, भिवंडीत सगळीकडे लागेल. यात अशक्य काय आहे? फॉर्ममध्ये विक्रीच्या रकान्याऐवजी ‘मशीन कुठे चालू आहे, पत्ता द्या’ एवढा एक रकाना टाकायला कुणाचं काय जातं?

काल काका वर्कशॉपला आले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत, चहा प्यायले. मग म्हणाले, ‘अम्मा, दिवाळीनंतर त्या कोपऱ्यात नवीन टाकी बसवायचीय. तुझं मशीन हलवावं लागेल. दुसरीकडे लावायला पैसे येणार होते ना, त्यांचं काय झालं?’ मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. त्यांनी मान हलवली. अकरा महिने चाललेलं मशीन दिवाळीनंतर ताडपत्रीखाली जाणार आणि तो व्हॉल्व्ह परत सरळ नालीत उघडणार.

क्वेरीचं उत्तर लिहिलंय. विक्री शून्य. सोबत काकांच्या वहीची अकरा महिन्यांची पानं स्कॅन करून जोडली. फाईल तीन एमबीची झाली. पोर्टल घेत नाही.