नळाखाली खळाखळा

"ताई, काही नाही त्यात. आठवड्यातून एकदा स्पंज काढायचा, नळाखाली खळाखळा धुवायचा, परत लावायचा. झालं!"

हे वाक्य मला ज्याने ऐकवलं, त्या दुकानदाराला एकदा रविवारी आमच्या घरी बोलवायचं आहे. जेवायला घालीन. पण आधी फिल्टर.

लेकाला वाढदिवसाला मासे हवे होते. दोन फुटी टाकी, निळी खडी, प्लास्टिकचं झाड, आत काचेला चिकटवायचा फिल्टर आणि चार गोल्डफिश. सगळं एकाच बिलात, एकाच संध्याकाळी घरी. तिथेच सगळं चुकलं होतं, पण मला काय माहीत? मला वाटलं फिल्टर म्हणजे गाळणं. चहा गाळतो तसं पाणी गाळलं जाईल, घाण स्पंजात अडकेल, पाणी चकाचक.

ते तसं नसतंच मुळी. माशांना मारते ती दिसणारी घाण नव्हे, न दिसणारा अमोनिया मारतो. मासे तो कल्ल्यांतून सोडत असतात, शिवाय त्यांची शी आणि उरलेलं खाणं कुजून आणखी तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना बऱ्यापैकी सोसतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे सगळे जिवाणू राहतात कुठे, तर त्या काळ्या स्पंजाच्या भोकाभोकांत. आणि त्यांचं बस्तान बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणजे नवा कोरा फिल्टर लावून त्याच दिवशी चार मासे सोडणं म्हणजे संडास बांधून व्हायच्या आधी बिल्डिंगीत भाडेकरू भरणं.

हे दुकानात सांगायला किती वेळ लागतो? एक मिनिट. पण मग मासे त्या दिवशी खपत नाहीत ना!

चौथ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं. सहाव्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागले. दुकानात गेले तर, "मासा वीक असेल ताई. हे निळं औषध टाका, चमचाभर खडेमीठ टाका." टाकलं. नंतर कळलं, ते निळं औषध त्या बिचाऱ्या जिवाणूंनाही मानवत नाही. दोन मासे गेले. लेकाने रडत रडत जास्वंदीच्या कुंडीत पुरले आणि वर आगपेटीच्या काडीचा झेंडा लावला.

आणि मी? मी इमानेइतबारे दर रविवारी स्पंज नळाखाली धुत होते. खळाखळा. पिळून पिळून, काळं पाणी पूर्ण जाईपर्यंत, नखं घासायच्या ब्रशने. पितांबरी लावायचीच काय ती बाकी ठेवली होती. घासून लख्ख केल्याशिवाय काहीही स्वच्छ झालं असं आम्हाला वाटतच नाही! नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतू मारायलाच घातलेलं असतं. दर रविवारी मी महिनाभराची वस्ती उठवत होते आणि बुधवारी मासे परत वर तोंड काढत होते. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, हलक्या हाताने दोनदा दाबून, थोडा मळकट ठेवून. मळकट! हे पचवायला मला फार जड गेलं, सासूबाईंना अजून गेलेलं नाही.

सासरेबुवांचं वेगळंच. खोलीतून बाहेर पडताना बटणं बंद करायची ही त्यांची आयुष्यभराची सवय. रात्री साडेदहाला झोपायला जाताना फिल्टरही बंद. "मासे झोपतात ना रात्री? मग कशाला जाळायची वीज?" अहो बाबा, १० वॅटची मोटर आहे. चोवीस तास, महिनाभर चालली तरी ७ युनिटच्या आसपास. मी हिशोब कागदावर मांडून दाखवला. रात्रभर पाणी हललं नाही की आतल्या जिवाणूंनाही प्राणवायू मिळत नाही, हेही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि साडेदहाला बटण बंद केलं. आता बटणावर सेलोटेप आहे.

त्यातून मोटरचा स्वभाव. खोक्यावर छापलंय, तासाला ८८० लिटर. आमची टाकी सगळी मिळून पन्नास लिटरची. म्हणजे अख्खं पाणी तासात सतरा वेळा फिरायला हवं, आणि येते काय, तर आठवड्याभरात करंगळीएवढी धार. आमच्याकडे टँकरचं जड पाणी, क्षार इतके की आतल्या पंख्याच्या दांडीवर पांढरा थर बसतो आणि रात्री दोन वाजता मोटर दळण दळायला लागते. सक्शन कपांचं तर बोलूच नका. सहा महिन्यांत वाळून कडक होतात, मग अपरात्री धप्प, फिल्टर आडवा, खडी उडतेय आणि दोन मासे कोपऱ्यात अंग चोरून. नवरा कूस बदलून म्हणतो, "तुझा फिल्टर पडला वाटतं." माझा! मासे लेकाचे, हौस नवऱ्याची, फिल्टर माझा.

नळीतून पाण्यात बुडबुडे सोडणारा एअर पंप टाकीच्या खाली ठेवला होता, ते तर माझंच नशीब. एका गुरुवारी लाइट गेली, नळीतून पाणी उलटं खाली आलं, पंपात, तिथून एक्स्टेन्शन बोर्डावर. नळीत एक छोटा एकेरी व्हॉल्व्ह लावला असता तर हे झालं नसतं. वीस रुपयांचा! बिल करताना प्लास्टिकचं खजिन्याचं खोकं गळ्यात मारायची आठवण झाली, हा व्हॉल्व्ह नाही आठवला. वर "टाकी साफ ठेवतो" म्हणून एक सकर मासा दिला. तो वाढत वाढत फूटभराच्या वर जातो, आणि टाकीत आता सगळ्यात जास्त घाण तोच करतो.

परवा पंख्याची चिनी मातीची दांडी धुताना मोडली. खडूच्या काडीएवढी वस्तू. "पार्ट वेगळा नाही येत ताई, नवीनच घ्या." एका काडीसाठी अख्खा फिल्टर! गुमान पैसे काढत होते, तेवढ्यात शेजारी एक जोडपं. मुलीच्या हातात फुगलेली पिशवी, आत तीन गोल्डफिश. आणि काउंटरवरून तोच आवाज, "काही नाही हो, आठवड्यातून एकदा नळाखाली..."

"धुवू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की मुलीच्या हातून पिशवी निसटता निसटता राहिली.