एचडीएमआय केबल लावली म्हणून लॅपटॉपचा टीव्ही होत नाही

सध्या सगळीकडे फिरत असलेला सल्ला असा: लॅपटॉपच्या स्क्रीनवर गेम खेळायचा तर प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स अशा गेम कन्सोलची एचडीएमआय केबल लॅपटॉपला लावा, विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा, 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा, की झालं. नाही जमलं तर ड्रायव्हर अपडेट करा, तरीही नाही तर स्वस्तातला कन्व्हर्टर आणा. हा सल्ला ऐकून लोक नाहक पैसे घालवतात.

"पोर्ट आहे, म्हणजे चित्र आत येणारच." नाही येणार. लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं. लॅपटॉपचा पॅनेल, म्हणजे स्क्रीन, ग्राफिक्स चिपला वेगळ्या केबलने जोडलेला असतो. पोर्टपासून पॅनेलपर्यंत वाटच नसते आणि बाहेरचा सिग्नल वाचणारी चिपही नसते. केबल लागली की कन्सोल समोरच्या स्क्रीनकडे तिची माहिती मागतो. इथे दोन्ही टोकांना पाठवणारेच, उत्तर देणारं कुणी नाही. एलियनवेअरच्या काही जुन्या मॉडेलांत वेगळं 'एचडीएमआय इन' पोर्ट होतं, पण तो अपवाद.

"विंडोज-पी दाबा." त्या बटणांनी लॅपटॉपचं स्वतःचं चित्र कुठे दाखवायचं एवढंच ठरतं. जी चिप बोर्डावर नाही, ती ड्रायव्हरही आणून देणार नाही.

"स्वस्त कन्व्हर्टर पुरेसा आहे." हे अर्धसत्य आहे. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला यूएसबी आणि मध्ये नुसती तार, अशी केबल घेऊ नका, तिचा उपयोग शून्य. हवं ते कॅप्चर कार्ड, म्हणजे एचडीएमआयचं चित्र वाचून यूएसबीने लॅपटॉपला देणारं यंत्र. पण पाकिटावरचं '४के' बऱ्याचदा फसवं असतं: कार्ड ४के सिग्नल स्वीकारतं, लॅपटॉपला मात्र कमीच देतं. १०८०पी (फुल एचडी), ६० फ्रेमचं न दाबलेलं, म्हणजे कॉम्प्रेस न केलेलं, चित्र सेकंदाला साधारण २५० मेगाबाइट होतं, यूएसबी २.० ची कमाल मर्यादाच ६०. म्हणून स्वस्त कार्ड चित्र दाबून पाठवतं, बऱ्याचदा ३० फ्रेमनेच, आणि बटण दाबल्यावर स्क्रीनवरचा खेळाडू जरा उशिरा हलतो. फायटिंग किंवा रेसिंग गेमला हे चालत नाही. यूएसबी ३.० चं कार्ड घ्या आणि लॅपटॉपच्याही ३.० पोर्टलाच लावा.

कार्डाचं चित्र लॅपटॉपवर दाखवायला ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस' जोडा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'बफरिंग' डिसेबल करा. आवाज येत नसेल तर 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये 'मॉनिटर ओन्ली' निवडा. मग प्रिव्ह्यूवर राइट-क्लिक करून फुलस्क्रीन प्रोजेक्टर उघडा.

एवढं करूनही स्क्रीन काळीच, तर बहुधा एचडीसीपी, म्हणजे चित्राची नक्कल रोखणारं कुलूप, आड येतंय. पीएस५ वर सेटिंग्ज, सिस्टम, एचडीएमआय इथे ते बंद करा; पीएस४ वर ते थेट सिस्टममध्येच आहे. कार्ड लावल्यावर मेनूच दिसणार नाही, म्हणून हे आधी टीव्हीवर उरका. ते बंद असेपर्यंत व्हिडिओ अ‍ॅप चालणार नाहीत. पीएस३ ला हा पर्यायच नाही.

"निन्टेंडोचा स्विच कन्सोल तर यूएसबी-सी ने थेट लागतो." लॅपटॉपचं यूएसबी-सी सुद्धा चित्र बाहेरच पाठवतं. स्विचला डॉक (एचडीएमआय पोर्ट असलेला त्याचा स्टँड) आणि त्याचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर हवाच, पुढे तेच कॅप्चर कार्ड.

"कार्डाशिवाय मार्गच नाही," असंही काही जण ठासून सांगतात. तेही चूक. प्लेस्टेशनचं रिमोट प्ले आणि एक्सबॉक्सचं अ‍ॅप घरच्या नेटवर्कवरून चित्र आणतं. कन्सोल लॅन केबलने राउटरला जोडा, फरक लगेच जाणवेल. रिमोट प्ले सुरू करायला पहिल्यांदा टीव्ही लागतोच.

आणि लॅपटॉप बंद पडलाय पण पॅनेल शाबूत आहे, तर तो काढून खरा मॉनिटर बनवता येतो. पॅनेलच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर दाखवून त्याच पॅनेलला जुळणारा कंट्रोलर बोर्ड मागवा; एचडीएमआयचं चित्र पॅनेलला तोच देतो. पॅनेलच्या जोडणीचे प्रकार दोन: जुने पॅनेल एलव्हीडीएस, नवे ईडीपी, दोघांचे बोर्ड वेगळे. बऱ्याच एलव्हीडीएस बोर्डांवर पॅनेलचा व्होल्टेज निवडणारा जंपर, म्हणजे पिनांवर बसणारी छोटी टोपी, असतो. लॅपटॉपचे पॅनेल सहसा ३.३ व्होल्टचे, जंपर ५ किंवा १२ वर राहिला तर पॅनेल जळू शकतो. म्हणून अ‍ॅडॅप्टर लावण्याआधी तो तपासा.