वक्री दगड

नातेवाइकांना आकाश दाखवायचं तर चंद्र दाखवावा. फार तर शनी. शनीची कडी दिसली की माणूस "आई शप्पत!" म्हणतो आणि दाखवणाऱ्याला न मागता चहा मिळतो. लघुग्रहाच्या वाटेला जाणाऱ्यानं मात्र एकटं असावं. आमच्या सांगलीच्या घरात भाऊबिजेला एकटं राहता येत नाही.

२०१७ च्या दिवाळीत आयरिस नावाचा लघुग्रह पृथ्वीच्या जवळ आला होता. जवळ म्हणजे सुमारे १३ कोटी किलोमीटर. मेष राशीत, हमल ताऱ्याच्या आसपास. अमावास्या नुकतीच सरलेली, म्हणजे चंद्राचीही आडकाठी नाही. प्रत म्हणजे तेजाचा आकडा; आकडा मोठा तेवढा तारा अंधुक. नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, आणि हा सातव्या प्रतीच्या घरातला. म्हणजे साध्या दुर्बिणीतून दिसणार. मी विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर जायला निघालो आणि आतेबहिणीनं विचारलं, "कुठं निघालास रे?" झालं. आत्या, दाजी, काका, पोरं, शेजारचे दोघं, आणि सगळ्यांच्या मागून भडंगाचं पातेलं, अशी वरात गच्चीवर चढली.

सांगली नाट्यपंढरी. इथल्या माणसाला समोर बसवलं की पडदा उघडला पाहिजे आणि काहीतरी घडलं पाहिजे. दाजींनी दुर्बीण डोळ्यांना लावली, बराच वेळ लावून ठेवली आणि म्हणाले, "ठिपके दिसायलेत."

"त्यातलाच एक."

"कुठला?"

"ते आज नाही सांगता येणार."

एवढं बोलल्यावर गच्चीवर जी शांतता पसरली तिला मी आदर समजलो असतो, पण पाठोपाठ भडंगात हात घातल्याचे आवाज आले.

खरी अडचण इथंच आहे. लघुग्रह हुबेहूब ताऱ्यासारखा दिसतो. शेपूट नाही, कडी नाही, फोटोत असतो तसा खड्डे पडलेला बटाटाही दिसत नाही. त्याचं लघुग्रहपण फक्त एका गोष्टीवरून ओळखायचं, ती म्हणजे तो हलतो. दिवसाला चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीएवढा, जेमतेम. म्हणून आज ठिपक्यांचं चित्र काढायचं, उद्या त्याच वेळी परत बघायचं, आणि जो ठिपका सरकला तो आपला. लघुग्रह बघायला दोनदा यावं लागतं. आणि आमच्या नातेवाइकांत दोनदा येण्याची पद्धत फक्त जेवणाच्या बाबतीत आहे.

"मग आदळणार कधी?" काकांनी विचारलं. त्यांच्या मोबाइलवर पृथ्वीच्या अंताचे मेसेज नियमित येतात आणि ते नियमित पुढं जातात. मी सांगितलं, आयरिस सूर्याभोवती फिरताना मंगळाच्या कक्षेच्या आत कधी येतच नाही. एका फेरीला त्याला पावणेचार वर्षांच्या आसपास लागतात, बिचारा मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातच फिरतो. काकांचा चेहरा पडला. जगबुडी रद्द झाल्याचं एवढं दुःख मी कृष्णेच्या काठावर राहणाऱ्या माणसाच्या तोंडावर बघीन असं वाटलं नव्हतं.

"पण पट्ट्यात एवढे दगड, मग एकमेकांवर धडकत कसे नाहीत?" दाजी. प्रश्न चांगला होता, म्हणून मला उत्साह आला. म्हटलं, सिनेमात दाखवतात तशी तिथं गर्दी नसते. दोन दगडांमध्ये सरासरी लाखो किलोमीटर मोकळी जागा. सगळा पट्टा गोळा करून तोलला तरी आपल्या चंद्राच्या पाच टक्केही भरणार नाही. पायोनियर १० हे यान १९७२-७३ मध्ये त्यातून पहिल्यांदा गेलं, सुखरूप गेलं.

"म्हणजे आपल्या मार्केट यार्डापेक्षा मोकळं," दाजी म्हणाले. हो म्हटलं.

मग मी रंगलो. आयरिस दगडी जातीचा, सिलिकेट खनिजांचा, त्यात लोखंड-निकेलही. रुंदी सुमारे २०० किलोमीटर, म्हणजे एक टोक सांगलीत टेकवलं तर दुसरं सरळ रेषेत पुण्यात. जॉन रसेल हिंड यांना तो लंडनमध्ये १३ ऑगस्ट १८४७ ला सापडला. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं त्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती. आणि ताऱ्यांच्या प्रतीचं गणित पक्कं करणारे पॉगसन पुढं मद्रासला आले, तिथून त्यांनी १८६१ मध्ये एक लघुग्रह शोधला. तोही दगडीच. आशियातून सापडलेला पहिला, म्हणून नाव ठेवलं—

"तो बघा! तो बघा!" पोरं ओरडली. शेजारच्या गच्चीवरून रॉकेट सुटलं होतं. पडदा उघडला, काहीतरी घडलं. टाळ्या पडल्या. नंतर धूर झाला आणि मेष राशीसकट सगळं आकाश त्यात गेलं. लघुग्रह बघून झाला, असं सर्वानुमते ठरलं.

पातेलं खाली जाताना आत्या तेवढी मागं राहिली. "आरं, मेष राशीत म्हणालास न्हवं?"

"हो."

"वक्री हाय का मार्गी?"

आता इथं खोटं बोलता येईना. सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला आलेला लघुग्रह उलटाच सरकताना दिसतो, कारण आतल्या कक्षेतून जाणारी पृथ्वी त्याला मागं टाकत असते. मी हे सगळं सांगितलं. आत्यानं त्यातलं एकच ऐकलं.

"वक्री! तरीच."

दाजींची रास मेष. दाजी त्या पाडव्यापासून गाडी घ्यायचं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारीच सगळे इचलकरंजीला परत गेले. आत्या माहेरपणाला राहिली होती. रात्री शाल गुंडाळून, गुडघे धरत, एकटी गच्चीवर आली. मी चित्र पुढं धरलं, तिनं दुर्बीण लावली. शास्त्रीय निरीक्षणाला लागणारी चिकाटी मी तोवर एवढ्या जवळून पाहिली नव्हती. "ह्यो इथनं हितं आलाय. मागंच सरकलाय मेला," म्हणाली, आणि तिथूनच लेकीला फोन लावला: "जावईबापूंना सांग, गाडीचं आत्ता काढू नका. बाळू सांगंल तवा."

तेव्हापासून दाजी दर रविवारी सकाळी मला फोन करायला लागले. आधी तब्येतीची चौकशी, मग ऊस, मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "आयरिस काय म्हणतोय?" मी आकडे सांगायचो, ते लिहून घ्यायचे. शोरूमवाला दोनदा येऊन गेला, त्यालाही त्यांनी हेच कारण सांगितलं. त्यानं म्हणे माझा नंबर मागितला.