गोणीला पट्टा

वडिलांच्या जुन्या गाडीत पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असे. टाकी भरलेली असो की कोरडी, काटा मतावर ठाम. वडील डिकीत ५ लिटरचा कॅन ठेवत आणि निवांत असत. माझ्या नव्या गाडीला सगळं कळतं, पण ती ते मनात ठेवत नाही.

परवा पुण्याहून चिपळूणला मामाकडे निघालो. डिकी गच्च, मागे आई आणि बायको, म्हणून मामाची ज्वारीची गोणी पुढच्या सीटवर. चावी फिरवताच पॅनेलवर लाल-पिवळे सगळे दिवे लागले.

"अगंबाई, दिवाळी!" आई म्हणाली.

दिवे शाबूत आहेत का ते गाडी स्वतःच तपासते, हे सांगेपर्यंत ते विझलेही. एक लाल तेवढा राहिला आणि टिंगटिंग सुरू. सीटमधल्या सेन्सरला वजन कळतं, ज्वारी कळत नाही. कात्रजपर्यंत सोसलं, मग गाडी बाजूला घेऊन गोणीला पट्टा बांधला.

"आम्हाला नाही कधी एवढ्या काळजीनं बांधलंस," मागून आलंच.

हायवेला ८० च्या वर गेलो की निराळी टुंगटुंग. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना ही सक्तीची. ८० नंतर अधूनमधून, १२० नंतर अखंड. अखंडपर्यंत जायची आमची छाती नाही.

साताऱ्यापुढे पिवळा दिवा लागला.

"अहो, ही कढई कसली? आत उद्गारचिन्ह आहे."

"तेल संपलं असेल," आई म्हणाली.

कढई म्हणजे टायरमधली हवा. कराडला टायरवाल्यानं चारही चाकांत ३३ हवा भरली, तरी दिवा जाईना. तो म्हणाला, "साहेब, हवा माझ्याकडं, दिवा कंपनीकडं." मग इतकी वर्षं प्लॅस्टिकमध्ये जपलेली माहितीपुस्तिका फोडली. आमच्या गाडीच्या टायरात मीटर नाहीच म्हणे! हवा कमी झालेलं चाक इतरांपेक्षा किंचित जास्त गरगरतं, त्यावरून गाडी अंदाज बांधते. हवा भरल्यावर 'आता सगळं ठीक आहे' हे बटण दाबून तिला आपणच सांगायचं. घरातही हीच पद्धत, फक्त बटण नाही.

या भानगडीत पेट्रोल भरायचं राहिलं. कोयनानगरला पडद्यावर 'अजून ५८ किलोमीटर'. हा आकडा टाकीतलं पेट्रोल आणि गाडीचं अलीकडचं ॲव्हरेज यांच्या हिशेबानं येतो. चढ लागला की घसाघसा उतरतो. घाटमाथ्यापर्यंत ४१ झाला. मला घाम. कुंभार्ली घाट उतरायला लागलो, गाडी गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला. अशा वेळी इंजिनाला पेट्रोल जवळपास जातच नाही. ४१ चे ४६ झाले, मग ५३, पायथ्याशी ६०. आई आकडे मोठ्यानं वाचत होती, लिलावासारखे.

चिपळूणला पंपावर गाडी घातली, तशी आई कळवळून म्हणाली, "कशाला पैसे घालवतोस? मामाच्या घरापर्यंत अजून एखादा घाट नाही का रे?"