‘हुशार मॉडेलला एवढं समजवायचं कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एआय मॉडेल जी टूल, म्हणजे बाहेरची फंक्शनं, बोलावतं त्यांची वर्णनं सविस्तर लिहावीत, या माझ्या म्हणण्यावरचे तुमचे आक्षेप आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. मॉडेल हुशार आहे, टूलला नाव नीट दिलं की वर्णन एका ओळीत भागतं. लांब वर्णनांनी टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं आणि ज्यांवर खर्च ठरतो ते) वाया जातात. आणि इनपुट चुकलाच तर कोडमधलं व्हॅलिडेशन, म्हणजे इनपुटची तपासणी, तो अडवतं. तुम्ही सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी एजंट (मॉडेलच्या आधारे टूल वापरून काम करणारा सहायक) बनवताय, म्हणून उदाहरण तुमचंच घेतो.

तुमचं टूल ‘गेट_प्राइस’, वर्णन ‘शेतमालाचा भाव देतं’. मॉडेलला दिसतं ते एवढंच: नाव, वर्णन आणि पॅरामीटरांचा स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा). फंक्शनच्या आतला कोड किंवा डेटाबेसचे कॉलम त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. आता यार्डात हळदीचा भाव क्विंटलवर बोलतात, बेदाण्याचा किलोवर. टूलनं नुसता १८० हा आकडा परत केला, तर एजंट ‘बेदाणा १८० रुपये क्विंटल’ असं खुशाल सांगून मोकळा होईल. व्हॅलिडेशन इथं काय अडवणार? इनपुट बरोबर, आउटपुटही बरोबर, चुकला फक्त अर्थ. चुकीचं टूल निवडलं गेलं तरी हेच होतं, कारण त्या टूलच्या दृष्टीनं इनपुट निर्दोषच असतो.

तेच वर्णन मी असं लिहीन:

‘सांगली बाजार समितीत एका दिवशी एका शेतमालाला मिळालेला किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर देतं. हळद आणि गुळाचा दर रुपये प्रति क्विंटल, बेदाण्याचा रुपये प्रति किलो. वापरकर्त्यानं नुसता “भाव” विचारला तर सर्वसाधारण दर सांगावा. त्या दिवशी सौदा झाला नसेल तर यादी रिकामी येते. याचा अर्थ दर शून्य असा नाही. अनेक दिवसांचे दर हवे असतील तर प्राइस_हिस्ट्री वापरावं. आवक, साठा किंवा पुढच्या दराचा अंदाज यातून मिळत नाही.’

यातलं एकेक वाक्य एकेक ठरावीक चूक अडवतं. रिकाम्या यादीचं वाक्य काढून बघा. रविवारची तारीख दिली की मॉडेल एक तर तारखा बदलून पुन्हा पुन्हा टूल बोलावतं, नाही तर शनिवारचा दर ‘आजचा’ म्हणून खपवतं. गेट_प्राइस आणि प्राइस_हिस्ट्री या दोन्ही टूलांच्या वर्णनात एकमेकांचा उल्लेख हवा. एकाच बाजूनं हद्द आखली तर गोंधळ उरतोच. आणि एककाचा उल्लेख वर्णनावर सोडू नका, परत येणाऱ्या उत्तरातही आकड्याशेजारी तो द्या. संभाषण लांबलं तरी मग आकडा आणि एकक सोबतच राहतात.

टोकनचा मुद्दा अर्धा मान्य. टूलांची वर्णनं प्रत्येक रिक्वेस्टसोबत जातात, आणि तोच मजकूर देवनागरीत बहुतेक मॉडेलांना इंग्रजीपेक्षा जास्त टोकन खातो. म्हणून वर्णन इंग्रजीत लिहिलं तरी चालेल, पण राजापुरी, हळकुंड, कणी हे हळदीचे यार्डातले शब्द शेतकरी टाइप करतात तसेच त्यात ठेवा. वर्णनं बदलत नसतील तर प्रॉम्प्ट कॅशिंगनं (न बदलणारा मजकूर साठवून पुन्हा वापरण्यानं) खर्च बराच उतरतो. उलट एक चुकीचा कॉल, त्याचं उत्तर आणि पुन्हा केलेला कॉल हे सगळं त्या संभाषणात पुढच्या प्रत्येक फेरीला परत पाठवलं जातं. क्लॉड मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिकच्या डेव्हलपर मार्गदर्शनातही प्रत्येक टूलला किमान तीन-चार वाक्यं सुचवली आहेत. कापायचंच असेल तर ‘अत्यंत उपयुक्त टूल’, ‘नेहमी हेच वापरा’ असली वाक्यं कापा. दुसऱ्या वाक्यानं तर मॉडेल गरज नसतानाही टूल बोलावतं.

पॅरामीटरांकडे तुमचं दुर्लक्ष झालंय. ‘तारीख: स्ट्रिंग’ (म्हणजे कसलाही मजकूर) एवढ्यावर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे कसं कळणार? वर्ष-महिना-दिवस हा क्रम लिहा आणि आकडे इंग्रजीच हवेत हेही लिहा, कारण शेतकरी देवनागरी आकडे टाइप करतो आणि मॉडेल ते तसेच पुढे ढकलू शकतं. ‘काल’, ‘परवा’ यांसाठी आजची तारीख सिस्टम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला आधीच दिलेल्या सूचनांत) द्यावीच लागते. शेतमालासाठी मोकळी स्ट्रिंग नको, ठरलेल्या पर्यायांची एनम यादी द्या. एरर मेसेजही मॉडेलच वाचतं: ‘एरर ४००’ मधून त्याला काही उमगत नाही, ‘हलद हा शेतमाल सापडला नाही, पर्याय: हळद, बेदाणा, गूळ’ असं आलं तर पुढच्या कॉलला ते स्वतःच सुधारतं.

व्हॅलिडेशनबद्दल तुमचं म्हणणं एका ठिकाणी पूर्ण बरोबर आहे: शेतकऱ्याला एसएमएस पाठवणाऱ्या ‘सेंड_एसएमएस’सारख्या टूलबाबत. संदेश लगेच जातो आणि परत घेता येत नाही, हे वर्णनात लिहाच, पण माणसाच्या होकाराशिवाय तो जाऊ नये याचं कुलूप कोडमध्येच हवं. वर्णनावर विसंबून ही जोखीम घेऊ नये.

पटत नसेल तर ताडून पाहा. ‘आज राजापुरी काय निघाली?’, ‘बेदाणा किती गेला?’ असे वीसेक प्रश्न शेतकऱ्यांच्याच भाषेत घ्या, जुन्या आणि नव्या वर्णनावर चालवा, आणि अंतिम उत्तराआधी कोणतं टूल कोणत्या इनपुटनं बोलावलं ते लॉगमध्ये बघा. एका वेळी एकच वाक्य बदला. ‘हळद आता विकू की थांबू?’ असेही काही प्रश्न घाला. तिथं आजचा दर काढणं ठीक, पण त्यावरून एजंट पुढच्या महिन्याचा भाव सांगू लागला, तर अंदाजाबद्दलचं वाक्य वर्णनाच्या शेवटून उचलून सुरुवातीला आणा आणि पुन्हा चालवा.