कॅमेरा बाईच्या कपाळावर, पैसा कोणाच्या खात्यात?

यवतमाळकडच्या आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका व्हिडिओवरून जुंपली आहे. त्यात यंत्राचा हात बोंडातून कापूस काढतो. शेतमालक म्हणतात, वेचायला बाया मिळत नाहीत, हे येऊ द्या लवकर. बाकीचे म्हणतात, गरिबाच्या पोटावर पाय येईल. मी नेदरलँड्सला राहतो म्हणून निवाडा माझ्याकडे.

इथे काचघरातल्या ढोबळी मिरचीसाठी वागेनिंगन विद्यापीठ आणि इतरांनी मिळून ‘स्वीपर’ नावाचा रोबोट केला, 2018 मध्ये दाखवला. एका मिरचीला सरासरी 24 सेकंद. आड येणारी पानं आधी काढून दिली तर 61 टक्के मिरच्या त्याला तोडता आल्या. पीक होतं तसंच ठेवलं तर 18 टक्के. तेही काचेखाली, सरळ रांगेत! आमच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, मधेच तुरीचं तास, एकाच झाडावर फूल, हिरवं बोंड अन् फुटलेलं बोंड. बाई दोन्ही हातांनी कापूस ओढते, वाळला पाला चिकटू देत नाही, कवडी म्हणजे किडका कापूस बाजूला काढते, आणि तोंडाने शेजारणीशी सुनेचं गाऱ्हाणं चालूच. तेव्हा यंदाची वेचणी तरी बायाच करणार.

‘मजूर मिळत नाही’ हेही मला अर्धंच पटतं. इथे जानेवारी 2024 पासून तासाला किमान 13.27 युरो द्यावेच लागले, म्हणून यंत्राचा खर्च परवडतो का हे मालक पाहतो. आपल्याकडे मजुरी किलोवर, आणि बरेचदा बाया मिळत नाहीत त्या आपण देऊ त्या भावात.

पण एक गोष्ट गटावर कोणीच काढली नाही. गुगलच्या 2023 च्या आरटी-2 सारखी रोबोट चालवणारी एआय मॉडेल्स कॅमेऱ्यातलं चित्र आणि साधी सूचना घेऊन थेट हाताची हालचाल ठरवतात. ती हालचाल ती शिकतात माणसांनी करून दाखवलेल्या कामावरून. तमिळनाडूत करूरला पोरंपोरी डोक्याला कॅमेरा लावून टॉवेलच्या घड्या घालत होती, परदेशी रोबोट शिकावेत म्हणून. उद्या असा कॅमेरा घेऊन कोणी आपल्या शेताच्या धुऱ्यावर उभा राहील. तो बोलणी करणार शेतमालकाशी, आणि वेचून दाखवणार बाया.

रोबोट येवो न येवो, वेचण्याची ती कला त्या दिवशी विकली जाणार. म्हणून भाव आत्ताच ठरवा: रोजची मजुरी वेगळी, चित्रीकरणाचे पैसे वेगळे, कागद मराठीत, सही बाईची, रक्कम तिच्याच खात्यात. माझ्या मोठ्या भावाला हे मुळीच पटलेलं नाही. तो म्हणतो, वावर माझं, पऱ्हाटी माझी, मग पैसा तिला कायचा?