बेस तुझ्या फोनमध्ये नाहीये रे!

लंडनचा इलेक्ट्रॉनिक संगीतकार बेरिअल याचं 'ड्रीमफिअर / बॉय सेंट फ्रॉम अबव्ह' हे दोन ट्रॅकचं रेकॉर्ड आलं आणि मी उत्साहाने ग्रुपवर लिंक टाकली. दहा मिनिटांत एका मित्राचं उत्तर : "पत्र्यावर पाऊस पडतोय नुसता. बेस कुठंय?"

अरे बाबा, ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. फोनचा नखाएवढा स्पीकर ती कुठून हलवणार? वरच्या सुरांवरून मेंदू खालचा सूर अंदाजाने भरून काढतो म्हणे, पण छातीला काहीच कळत नाही. आणि हे संगीत, म्हणजे डबस्टेप, छातीसाठीच आहे. याची मुळं : जमैकन लोकांनी लंडनमध्ये नेलेल्या साउंड सिस्टिम (म्हणजे स्पीकरच्या थप्प्या), मग दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनची पोरं, मग २००५ पासून तिथल्याच ब्रिक्स्टनमधल्या 'डीएमझी' नावाच्या क्लबच्या रात्री. खोलीत अंधार, समोर स्पीकर, बस्स.

आपल्याकडे बेस म्हटलं की विसर्जनाची डीजेची भिंत. काचा थरथरतात, आजोबा कानात कापूस घालतात, आणि तो बेस थांबतच नाही. बेरिअल थांबतो. धडधड ऐन रंगात आली की तोडून टाकतो, मागे नुसती खरखर उरते, आणि खालचा आवाज परत येईपर्यंत आपण श्वास धरून बसतो. मला त्या थांबण्याचंच वेड आहे.

बेरिअल म्हणजे दक्षिण लंडनचा विल्यम बेवन. २००८ पर्यंत नावही जाहीर नव्हतं. 'अनट्रू' (२००७) हा अल्बम त्याने साउंड फोर्ज या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेका आपोआप मांडून देणाऱ्या सिक्वेन्सरशिवाय, स्क्रीनवर आवाजाच्या लाटांची चित्रं बघत ड्रम जागेवर ठेवून केला. २०२२च्या 'अँटिडॉन'मध्ये ड्रम जवळजवळ नव्हतेच. मी दोनदा झोपलो, खोटं कशाला बोलू? 'ड्रीमफिअर'च्या रेकॉर्डवर एकदम उलट : जेमतेम तेरा-तेरा मिनिटांचे दोन ट्रॅक, आणि 'ड्रीमफिअर' तर जुन्या रेव्हसारखा, म्हणजे रात्रभराच्या नाचाच्या पार्ट्यांमधल्या संगीतासारखा सुसाट. तेही एक्सएलवर! नव्वदीच्या सुरुवातीला प्रॉडिजी या बँडच्या रेव्ह रेकॉर्ड्स काढणारी हीच कंपनी.

दुसरा ट्रॅक मात्र मला जरा गोडगोड वाटला. ऐंशीच्या दशकातले सिंथेसायझरचे सूर, खाली पोकळ. तिथे मित्राची तक्रार निम्मी मान्य.

रविवारी त्याला घरी बोलावून माझे हेडफोन दिले. पहिली पाच मिनिटं गडी गप्प. मग ड्रम तुटले, खरखर सुरू झाली. त्याने हेडफोनची पिन उपसली, शर्टाला पुसली आणि परत लावली.